अजिंठ्याच्या प्रती, लंडनची आग

● १८१९ : ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ लेण्यांपर्यंत पोहोचला. इतिहासात याला ‘शोध’ म्हटले गेले. स्थानिकांना लेणी ठाऊक होतीच.
● १८४४ : भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक.
● १८६६ : लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गिल यांच्या बहुतेक प्रती खाक.
● १८७२–८५ : मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि विद्यार्थ्यांनी नव्याने प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकीच.
● १८८५ : लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत यातल्याही अनेक नष्ट.
● १८९६–९७ : अजिंठ्याच्या चित्रांवरील दोन खंड ग्रिफिथ्स यांच्या नावाने प्रसिद्ध.
● आज : उरलेल्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. त्या रंगवणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्यांची नावे कलेतिहासात ठळकपणे यायलाच हवीत.