मोडण्यासाठी बसवलेली पिन

घरातली इस्त्री बिघडली किंवा शेजारच्या काकूंचा मिक्सर रुसला, की बोलावणं मला येतं. दहांतल्या सहा वेळा वस्तू दुरुस्त होते. उरलेल्या चार वेळा काकू चहा पाजून माझी समजूत घालतात. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कारागीर समजत होतो. तो समज देवबागच्या खाडीत कसा बुडाला, त्याची ही हकिकत.

मालवणच्या दक्षिणेला देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. माझे मामा तिथे सुटीतल्या पाहुण्यांना होडीतून संगम दाखवून आणतात. होडीच्या पाठीला अडकवलेलं त्यांचं लहानसं इंजिन जुनं आहे. अशा इंजिनाचं डोकं वर असतं, पाय पाण्यात, आणि पायाच्या टाचेला पंखा. डोक्यातून उभा दांडा खाली उतरतो आणि टाचेतले गिअर त्याची फिरकी आडव्या दांड्याला देतात. या आडव्या दांड्याला पंखा जोडलेला असतो तो एका आडव्या पिनेनं. पिन बोटाच्या दोन पेरांएवढीही नाही!

ही अशी इंजिनं लोकप्रिय केली नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड यांनी. १९०९ साली त्यांनी ती विकायला सुरुवात केली. भर उन्हात तळ्यातून वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं, म्हणून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांच्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० साली थांबलं. पण कल्पना जगभरच्या खाड्यांतून फिरते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी मामांकडे गेलो होतो. एकदा खाडीत ‘ठक्’ असा आवाज झाला. इंजिन मोठ्यानं किंचाळू लागलं आणि होडी जागच्या जागी! पंखा बुडालेल्या माडाच्या ओंडक्याला लागून पिन तुटली होती. मामांनी दुसरी घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, कसली ही दरिद्री पिन! त्या रात्री मामा झोपल्यावर मी ड्रिलच्या पोलादी पात्याचा दांडा मापानं कापला, कानशीनं घासला आणि पिनेच्या जागी ठोकून दिला. कायमचा बंदोबस्त करून मी मोठ्या रुबाबात मुंबईला परतलो.

आठ दिवसांनी मामीचा फोन आला. पंखा पुन्हा ओंडक्यावर आपटला होता. माझी पिन शाबूत होती. गिअरचे दात मात्र गेले होते. सुटे भाग येईपर्यंत होडी वाळूत पडून राहिली. हंगामाचे अखेरचे पंधरा दिवस, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याचे दिवस, असेच गेले. मामांनी मला शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. मामांनी मुद्दाम मला होडीच्या पाठीला बसवलं. संगमाच्या अलीकडे ‘ठक्’ झालं! सुकती जोराची होती. पाणी होडीला तोंडाकडे ओढत होतं, आणि तिथे पट्टीवर लाटा फुटत होत्या. मी घाईनं पक्कड उचलली. मामा शांतपणे म्हणाले, “झिला, आधी नांगर टाक. इंजिन खंय जाणा नाय, होडी जातली.”

नांगर धरला. मग मामा सांगत गेले आणि मी करत गेलो. इंजिन बंद करून पाय पाण्याबाहेर उचलला. प्लगची वायर काढून ठेवली, कारण हातानं पंखा फिरवताना इंजिन चुकून सुरू झालं तर बोटं जायची. खाली फडकं धरलं. सुटलेली वस्तू खाडी परत करत नाही. कॉटर पिन सरळ करून ओढली, टोपी काढली, पंखा ओढून घेतला. तुटक्या पिनेचा मधला तुकडा खिळ्यानं हलके ठोकून बाहेर काढला. नवी पिन घालून सगळं उलट्या क्रमानं बसवलं. इंजिन सुरू केल्यावर मामांनी आधी पाहिली ती मागून पडणारी पाण्याची बारीक धार. ती दिसली म्हणजे इंजिनाला थंड करणारं पाणी खेळतं आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढलं.

मामांनी तुटके तुकडे माझ्या तळहातावर ठेवले.

“ती मोडूकच बसयलेली आसा. ती मोडली म्हणान गिअर वाचले.”

दोन वर्षांत त्या प्रकाराबद्दल ते एवढंच बोलले. मी मान खाली घातली.

परवा काकूंचा फ्यूज गेला. “सारखा सारखा जातो मेला! चांगली जाडजूड तार घाल बघू,” त्या म्हणाल्या. मी मापाचीच बारीक तार घातली आणि कुठल्या वस्तूनं भार वाढतो आहे ते शोधू लागलो. काकूंचा काही माझ्या कारागिरीवर विश्वास बसला नाही. पण चहा मात्र मिळाला.