झोन तीन म्हणजे अभय नव्हे

‘प्लॉट झोन तीनमध्ये आहे, मग भूकंपाचं काय घेऊन बसलात?’ जागा दाखवणारे, सोसायटीचे सभासद, कधीकधी इंजिनिअरसुद्धा हे ऐकवतात. ऐकून ऐकून कान किटले.

भूकंपाच्या झोनचा नकाशा अख्ख्या देशाचा असतो. मुंबई, ठाणे, पुणे सगळी झोन तीनमध्येच. मलबार हिलचा खडक आणि खाडीत भराव टाकून केलेली जमीन, दोन्हींचा रंग एकच! त्या नकाशात तुमचा प्लॉट शोधायचाच कशाला?

शिवाय नकाशा बदलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, अशा घरांत लोक झोपेतच गाडले गेले. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १८९३ या मानकातून झोन एक हद्दपार झाला तो २००२ साली.

जागेचा धोका जमिनीखाली बघावा लागतो. बोअर घेताना साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पडत राहतो आणि नळी शेवटचे तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, ते मोजतात. मुरमात तो आकडा झपाझप चढतो, मऊ गाळात चार-पाच ठोक्यांतच नळी खाली जाते. अशा मऊ थरात हादरा वाढतो. सैल वाळू पाण्याने भरलेली असेल, तर हादऱ्याने तिची ताकदच जाते. जपानच्या निगाता शहरात १९६४ साली अख्ख्या इमारती अशा कलंडल्या. म्हणून भूजलाची पातळी आणि भरावाची खोली विचाराच; ‘माती चांगली आहे’ या तोंडी उत्तरावर उठून येऊ नका.

‘भूकंपाचं केंद्र लांब असलं की चिंता नाही’ हेही खोटं. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरवर भूकंप झाला, आणि पडझड झाली ती मुख्यतः जुन्या तळ्याच्या गाळावर उभ्या भागात. २००१ च्या भुज भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसते पार्किंगचे खांब.

‘छोटे धक्के बसले की मोठा टळतो’: नाही. मॅग्निट्यूड एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. किल्लारीत आदल्या वर्षीच धक्के बसत होते, तरी मोठा टळला नाही.

‘दख्खनचा काळा पाषाण हलत नाही’: १९६७ साली कोयना हलली.

प्लॉटचा माती परीक्षण अहवाल मागितला की बरेच विक्रेते शेजारच्या प्लॉटचा देतात. तो परत करा. बोअरची जागा तुमच्याच हद्दीत खुणेने दाखवलेली हवी.