नाथांच्या घरातील नाथ

फाल्गुन महिना अर्धा सरला की पैठणच्या वाटा दिंड्यांनी गजबजू लागतात. तुकाराम बीजेस गावातील नाथवाड्यातल्या रांजणाची पूजा होते आणि षष्ठीपर्यंत भाविक त्यात भक्तिभावाने पाणी ओततात. श्रीखंड्याचे रूप घेऊन साक्षात् भगवंताने नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहिले, ही त्यामागील श्रद्धा होय. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथपरंपरेत ‘पंचपर्वा’ म्हणतात. सद्गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना श्रीदत्तात्रेयांचा झालेला अनुग्रह, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि स्वामींचे महानिर्वाण ही चारही पर्वे याच तिथीची मानतात. पाचवे पर्व नाथांचे स्वतःचे. इ. स. १५९९ मध्ये याच तिथीस त्यांनी गोदामाईच्या कुशीत देह ठेवला.

नाथांच्या ग्रंथकर्तृत्वाविषयी, त्यांनी १५८४ साली केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाविषयी, भारुडांविषयी या दिवसांत पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु नाथ हे प्रपंचात राहून परमार्थ साधणारे संत. त्यांच्या घरी पत्नी गिरिजाबाई होत्या, मुलेबाळे होती, पुढे नातवंडेही आली. तेव्हा आजच्या पुण्यतिथीस पिता आणि आजोबा या नात्यांनी त्यांचे स्मरण करणे गृहस्थाश्रमी माणसास अधिक जवळचे वाटेल.

आईबापांचे छत्र त्यांना लाभलेच नाही. सूर्यनारायण व रुक्मिणी ही दोघेही नाथ लहान असतानाच निवर्तली. वाढविले ते आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी. अशा डोळ्यांत तेल घालून जपलेल्या नातवाने एके दिवशी कोणास न सांगता देवगिरीची वाट धरली! चरित्रकार गुरुभेटीच्या ओढीचे वर्णन रंगून करतात. मागे राहिलेल्या त्या दोन वृद्ध जिवांची अवस्था मात्र दोन ओळींत उरकतात. पुढे तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले, तरी घरी न जाता देवळातच उतरले. तेव्हा आजोबांनी रागाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र आणून ठेविले होते, तेवढे नातवाच्या हाती दिले. येथेच राहावे, गृहस्थाश्रम स्वीकारावा, असा त्यात आदेश होता. नाथ तेथेच थांबले. आज ज्या स्थानी समाधी आहे त्या पैठणचे ते कायमचे झाले, यात त्या वृद्धाच्या धीराचा वाटा मोठा आहे, असे मला नेहमी वाटते.

हा प्रसंग ध्यानी ठेवला म्हणजे पुढची कथा निराळी दिसू लागते. नाथांचे पुत्र हरिपंडित हे शास्त्रांत निष्णात. वडिलांनी देववाणी सोडून प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. श्राद्धाच्या दिवशी पितरांसाठी रांधलेले अन्न गावकुसाबाहेरच्या भुकेल्या माणसांना आधी वाढणारा हा पिता! त्याचे वागणे कर्मठ पुत्रास कसे मानवावे? अखेर हरिपंडित घर सोडून काशीस जाऊन राहिले. ज्या काशीत नाथांनी १५७३ साली एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण केली, त्याच काशीत मुलाने वडिलांच्या मराठीकडे पाठ फिरवावी, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

मुलाची समजूत घालण्यास नाथ स्वतः गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या भाषेसाठी त्यांनी आयुष्य वेचले, पंडितांचा रोष पत्करला, ती भाषा केवळ मुलगा घरी यावा म्हणून त्यांनी ओठांआड ठेवली. घरच्या व्यासपीठावर हरिपंडित संस्कृतात निरूपण करू लागले आणि नाथ श्रोत्यांत बसू लागले. अर्थ न कळल्यामुळे श्रोते हळूहळू कमी झाले, असे परंपरा सांगते. वाडा ओस पडत चालला, तरी नाथांनी मुलास दिलेला शब्द मोडला नाही, की ‘पाहिलेस ना?’ असे विचारिले नाही. पुढे घडलेल्या चमत्कारापेक्षा मला हे मौन अधिक थोर वाटते.

तो चमत्कार तर घरोघरी ठाऊक आहे. पैठणातील एका बाईच्या घरी सहस्रभोजनाचा संकल्प झाला होता. परंतु दिवस फिरले आणि एकालाही जेवू घालणे कठीण झाले. एकट्या नाथांना जेवू घातले तरी सहस्रभोजनाचे पुण्य मिळेल, असे तिला कोणी सांगितले. तिने विनविले. नाथांनी मुलाची संमती घेतली, आणि स्वयंपाक हरिपंडितांनी स्वहस्ते करावा असे ठरले. भोजन झाल्यावर उष्टी पत्रावळ उचलण्यास नाथांनी मुलासच सांगितले. एक उचलली तो खाली दुसरी, दुसरी उचलली तो तिसरी! अशा सहस्र पत्रावळी निघाल्या आणि पंडिताचा अभिमान गळाला. नाथांचे मराठी निरूपण पुन्हा सुरू झाले. वाकून उष्टे काढता काढता मुलगा बापाजवळ आला, ही गोष्ट कथेत सहज येऊन जाते.

आजोबा म्हणूनही नाथांची एक आख्यायिका आहे. त्यांच्या कन्येचा पुत्र जन्मतः मुका होता आणि आजोबांच्या कृपेने त्याला वाचा फुटली, असे सांगतात. तोच पुढे कवी मुक्तेश्वर म्हणून विख्यात झाला. त्याच्या मराठी महाभारताची आदि, सभा, वन, विराट व सौप्तिक ही पाच पर्वे आज उपलब्ध आहेत. आख्यायिकेचा शब्दार्थ कोणी घ्यावा वा न घ्यावा. आजोळच्या मराठीचे संस्कार त्या वाणीत पदोपदी जाणवतात.

आणि हरिपंडित? वडिलांच्या निर्वाणानंतर त्यांच्या पादुका पालखीत ठेवून आषाढीस पंढरपुरास नेण्याचा प्रघात त्यांनीच पाडला, अशी परंपरा आहे. ती पालखी अद्यापि पैठणहून निघते. षष्ठीच्या दिवशी नाथवंशजांची दिंडी गोदाकाठच्या समाधिमंदिराकडे जाते. अष्टमीस काल्याची दहीहंडी फुटते, प्रसाद वाटला जातो आणि यात्रेकरू आपापल्या गावच्या वाटेला लागतात.