जामियाच्या आपाजान आणि पुरंदरची छावणी

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या कब्रस्तानात एका जर्मन ज्यू बाईंची कबर आहे. गेर्डा फिलिप्सबोर्न हे त्यांचं नाव. जामियातली मुलं त्यांना ‘आपाजान’ म्हणत. त्यांच्या नावाचं पाळणाघर आजही तिथे आहे. पण याच आपाजानना इंग्रज सरकारने आपल्या महाराष्ट्रात, पुरंदर किल्ल्यावर डांबून ठेवलं होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९२०च्या दशकात डॉ. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब बर्लिनमध्ये शिकत होते. तिथे त्यांची गेर्डा यांच्याशी ओळख झाली. पुढे या तिघांनी जामियाला वाहून घेतलं आणि १९३३ साली गेर्डाही दिल्लीला आल्या. लहान मुलांना शिकवणं, त्यांची देखभाल करणं हेच त्यांचं आयुष्य झालं. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि त्यांचा परतीचा रस्ता बंद झाला.

सप्टेंबर १९३९मध्ये महायुद्ध पेटलं. सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे’ ठरवून पकडलं. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत आणलं. तिथे कट्टर नाझीही होते आणि नाझींच्या भीतीने पळून आलेले ज्यूही. पुढे चौकशी समिती बसली, मुंबईच्या ज्यू मदत संस्थेने निर्वासितांसाठी धावपळ केली आणि बरेच ज्यू सुटले. पण १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर सरकारचा संशय पुन्हा बळावला. त्याच वर्षी गेर्डा यांची पुरंदरला रवानगी झाली.

नोव्हेंबर १९४१मध्ये तर हिटलरच्या सरकारने परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. जर्मनी म्हणे, हे आमचे नाहीत. इंग्रज म्हणे, हे जर्मन आहेत!

गेर्डा सुटून जामियात परतल्या, पण तब्येत ढासळली होती. १४ एप्रिल १९४३ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय जेमतेम ४७.

मक्केतून हिजरत करून हबशाला गेलेल्या मुसलमानांना परत न्यायला कुरैशांनी माणसं पाठवली, तेव्हा बादशाह नजाशीने काय केलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने नजराण्यांकडे पाहून निकाल दिला नाही. आधी हजरत जाफर (रजि.) यांचं म्हणणं ऐकलं, मगच त्या माणसांना रिकाम्या हाती परत पाठवलं.

ही फक्त जुनी गोष्ट नाही. जून २०२५मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आलं. ते भारतीय असल्याचं स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. भिवंडीच्या यंत्रमागांवरही दूरदूरच्या राज्यांतले कारागीर राबतात. सरकारने कागद तपासावेत, तो त्याचा अधिकार आहे. पण ऐकून घेतल्याशिवाय कुणाला हद्दपार करू नये. आणि असा एखादा कारागीर पोलीस ठाण्यात बसवला गेला, तर ‘मी याला ओळखतो’ असं सांगायला त्याच्या शेठने, घरमालकाने, शेजाऱ्याने तिथवर जावं. १९३९मध्येही छावणीची दारं उघडायला बाहेर कुणीतरी धावपळ करावी लागली होती.