घरची वीज (भाग ५) : हिशेब आषाढात मांडावा

सोलरची चौकशी लोक एप्रिल-मेमध्ये करतात. ऊन रणरणत असतं, एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला चार-पाच युनिट देतील असं विक्रेता सांगतो, आणि ते खरंही असतं. पण मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची जी रांग उभी राहते, तिला अडलेले ढग जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस हलत नाहीत. अशा दिवसांत तेच पॅनल जेमतेम एका युनिटावर येतात, कधी त्याच्याही खाली. म्हणून वीज कंपनीची तार न घेता राहायचं असेल, तर वैशाखाच्या उन्हाचा भरवसा धरू नये.

शेतावरच्या साध्या घराचा लोड मांडू. नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे पाच तास, ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे बारा तास, छोटा टीव्ही तीन तास, मोबाइल, पाच मिनिटं मिक्सर. सगळं मिळून सव्वा युनिटाच्या आत बसतं. इन्व्हर्टर आणि बॅटरीत वाया जाणारी वीज धरून दीड युनिट समजा. यातले पंखे जुने, ७५ वॉटचे असतील, तर नुसते पंखेच १.८ युनिट खातात! त्यामुळे माझा पहिला सल्ला पॅनलचा नाहीच. आधी पंखे बदला. त्यात जाणारा पैसा बॅटरीत वाचतो.

आता साठा. दोन दिवसांचे तीन युनिट हाताशी हवेत. १२ व्होल्ट, १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती येतं ०.९ युनिट, आणि बॅटऱ्या लागतात चार. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, २५.६ व्होल्ट, १५० एएचची एकच पुरते. महाग पडते, पण डिस्टिल्ड वॉटर घालत बसावं लागत नाही. ट्यूब्युलर असेल तर मीटर लावून बघायची सवय ठेवा: लोड बंद करून बॅटरी तासभर निवांत राहू द्यावी, मग १२.२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की निम्मी संपली. लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ एकाच जागी राहतो, तिथे या आकड्यावर जाऊ नका. तिच्या डिस्प्लेवरची टक्केवारी बघा.

झडीत पॅनल रोज एक युनिट देत असतील, तर तूट अर्ध्या युनिटाची. तीन युनिटांच्या साठ्यावर पाच-सहा दिवस निघतात. त्यानंतरही आभाळ उघडलं नाही, तर टीव्ही बंद आणि एका पंख्यावर भागवायचं. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असलं पाहिजे.

इथे एक गल्लत फार होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते वीज कंपनीच्या जोडणीशी जोडलेल्या छतावरच्या सोलरला. बॅटरी नसलेल्या तशा सोलरचा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. भर उन्हातही घरात पंखा फिरत नाही.

एकट्या घराला हे सगळं जड जातं, तिथे पाड्याने मिळून करता येतं. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ग्रामऊर्जा या संस्थेने सुमारे साडेनऊ किलोवॉटचा प्रकल्प उभारला. ३९ घरांना मीटर लावून वीज दिली आणि कारभार गावाच्या ट्रस्टकडे सोपवला. मला यातली मीटरची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. वापराप्रमाणे पैसे जमले, तरच पुढे नव्या बॅटऱ्यांसाठी गाठीला काही राहतं. फुकट वाटलेल्या वीजसंचाची बॅटरी संपली की पॅनल नुसते छतावर पडून राहतात.

वळवाच्या पावसात विजा फार पडतात, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरचे पैसे वाचवू नका.

पुढच्या भागात वायरिंग आणि पॅनलवर येणारी झाडांची सावली बघू. तोवर एक काम करा: घरातल्या प्रत्येक उपकरणावरचे वॉट आणि ते रोज किती तास चालतं, हे वहीत लिहून ठेवा. दुकानात जाताना ती वही बरोबर न्या.