हसू येते कोठून?

विनोद झाला की हसू येते. हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे तुम्ही म्हणाल. पण अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञांनी ही गोष्ट गृहीत धरली नाही. ते आणि त्यांचे विद्यार्थी वह्या घेऊन बाजारात व रस्त्यात हिंडले. कोणी हसले की त्याच्या आधीचे वाक्य टिपून घ्यायचे, एवढेच काम. असे सुमारे १२०० प्रसंग जमले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले ते असे की, हसण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्ये विनोदाच्या जवळपास जाणारी होती. बाकीची सारी 'बरे, येतो आता', 'अरे, तो पाहा आला' अशा धर्तीची! शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसत होता. दुसऱ्या एका पाहणीत असे आढळले की, माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. म्हणजे हसणे ही विनोदाला दिलेली पावती कमी, आणि 'मी तुमच्यातलाच आहे' अशी खूण अधिक.

आता थोडे पदार्थविज्ञान. हसणे म्हणजे तुकडे केलेला उच्छ्वास. फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा छातीचे व पोटाचे स्नायू धक्क्याधक्क्याने ढकलतात आणि 'हा, हा, हा' असा आवाज उमटतो. एक 'हा' सुमारे ७५ मिलीसेकंद टिकतो आणि एका 'हा'च्या आरंभापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत सुमारे २१० मिलीसेकंद जातात. सेकंदाला जवळजवळ पाच ठोके झाले. पोटावर तळहात ठेवून हसून पाहा, धक्के हाताला लागतील. मग श्वास आत घेता घेता हसण्याचा प्रयत्न करा. जमत नाही ना? आणखी एक गंमत: 'हा-हा-हा' सहज येते, 'हो-हो-हो'ही येते, पण 'हा-हो-हा-हो' असे खरे हसू कोणी हसत नाही.

चिंपांझीलाही गुदगुल्या केल्या तर तो हसतो. मात्र त्याचे हसणे धापा टाकल्यासारखे असते. एक श्वास आत, एक बाहेर, आणि प्रत्येकाबरोबर एकच आवाज. एका उच्छ्वासाचे अनेक तुकडे करणे त्याला साधत नाही. आपण दोन पायांवर उभे राहिलो, त्यामुळे छाती चालण्याच्या कामातून मोकळी झाली आणि श्वासावर ताबा आला, असे प्रोव्हाइन यांचे म्हणणे होते. कल्पना आकर्षक आहे, पण अजून ती कल्पनाच समजावी.

हसू मेंदूत कोठे सुरू होते? १९९८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अपस्माराच्या १६ वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. झटक्यांचे मूळ शोधण्यासाठी तिच्या मेंदूला अगदी क्षीण विद्युत्प्रवाह देत होते. मुलगी पूर्ण जागी होती. डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील एका लहानशा जागी प्रवाह दिला की तिला स्मित येई, प्रवाह वाढवला की ती खळखळून हसे. विशेष म्हणजे, का हसलीस असे विचारले तर ती समोर जे असेल त्याकडे बोट दाखवी! कधी चित्रातला घोडा मजेदार, तर कधी भोवती उभे असलेले डॉक्टर. आधी हसू आले, कारण मागाहून सापडले.

हसणे म्हणजे आनंद, हेही समीकरण नेहमी खरे नसते. ३० जानेवारी १९६२ रोजी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, काशाशा गावच्या मुलींच्या वसतिशाळेत तीन मुली हसू लागल्या, त्या थांबेनातच. पाहता पाहता १५९ पैकी ९५ मुलींना हे झटके येऊ लागले. मध्येच रडणे, मध्येच अस्वस्थपणे पळणे. काहींना हा त्रास कित्येक दिवस होत राहिला. मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली आणि मुली घरी गेल्या तशी ही साथ इतर गावांतही पसरली. तपासणीत ना जंतू सापडला, ना विष. मनावरचा ताण अशा रीतीने बाहेर पडला असावा, असे मानतात.

मग हसण्याने प्रकृती सुधारते, त्यात तथ्य किती? अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांना १९६४ साली सांध्यांचा वेदनादायक विकार जडला. दहा मिनिटे पोटभर हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा त्यांचा अनुभव १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. परंतु ते त्याच वेळी क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते, आणि रोगी एकच. तुलनेला दुसरा गट नसलेला प्रयोग तुमच्या प्रयोगवहीत तरी गुरुजी मान्य करतील का?

तुलना केली ती ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार व सहकाऱ्यांनी, २०११ साली. काहींना विनोदी चित्रफिती दाखवल्या, काहींना साध्या माहितीच्या. नंतर हातावर अतिशीत पट्टी गुंडाळून, किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून, वेदना किती वेळ सोसवते ते मोजले. खदखदून हसलेल्यांची सहनशक्ती वाढलेली आढळली. मेंदूत तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये, एंडॉर्फिन, हे काम करीत असावीत. २०१७ साली फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी मेंदूचे चित्रण करून मित्रांसमवेत हसल्यावर अशी द्रव्ये सुटतात याचा पुरावाही दिला. तेव्हा हसण्याने दुखणे सुसह्य होते, हे मान्य. रोग बरा होतो, असे मात्र यातून सिद्ध होत नाही. दम्याच्या रोग्याला तर जोराच्या हसण्याने धापही लागू शकते. वजन उतरण्याची आशाही नको: दहापंधरा मिनिटांच्या हसण्याने १० ते ४० किलोकॅलरी खर्च होतात, एका पोळीइतक्याही नव्हेत.

मुंबईत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. तेव्हा विनोदाविनाच हसायचे ठरले, आणि ते जमले, कारण खोटे हसू सोबतीत खरे होऊ लागते. पुढे असे क्लब देशोदेशी निघाले.

हे सारे 'सोबत' हसण्याविषयी झाले. फळ्याजवळ चुकलेल्या मुलाला वर्ग हसतो, तेव्हा हसणारे एकमेकांच्या जवळ येतात खरे, पण तो एकटा बाहेर पडतो. त्याच्या वेदनेचे माप कोणत्या पट्ट्याने घेणार? शिक्षकांनी तेवढे हसू तरी आवरते घ्यावे, असे माझे मत आहे.

प्रोव्हाइन यांचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. आठवडाभर वही जवळ ठेवा. हसण्याआधीचे वाक्य, ते बोलणारा आधी हसला की ऐकणारा, आणि तेथे माणसे किती होती, असे तीन रकाने पुरेत. नावे लिहू नका. निदान शंभर नोंदी झाल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, बरे का!