वाहत्या पाण्याचा ताजा हिशेब

१९८० सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस सकाळीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याच्या टँपा उपसागरांत 'समिट व्हेंचर' नांवाचें मालवाहू जहाज बंदराकडे येत होतें. जहाजावर त्या पाण्याचा माहीतगार पायलट होता, रडार होतें. इतक्यांत वादळी सर कोसळली, पुढचें कांहींच दिसेनासें झालें, आणि जहाज सनशाइन स्कायवे या पुलाच्या खांबावर आदळलें. पुलाचा साडेतीनशे मीटरांहून अधिक भाग पाण्यांत गेला; त्याबरोबर उतारूंची एक बस व कांहीं मोटारी खालीं पडल्या. ३५ माणसें प्राणांस मुकलीं.

या अपघाताचा दोष वादळाकडे जातो. एकट्या प्रवाहावर तो लादणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि त्यानंतर एक जुनाच प्रश्न नव्यानें पुढें आला: खोदून काढलेल्या अरुंद मार्गांतून अवजड जहाज नेणाऱ्यास, ऐन त्या घटकेला पाणी कोणीकडे व किती वेगानें वाहत आहे, हें कळावें कसें?

भरती-ओहोटीचीं कोष्टकें असतात; परंतु तीं मुख्यतः चंद्रसूर्यांच्या आकर्षणावरून केलेलीं भाकितें होत. वारा दोन दिवस एकाच दिशेनें वाहिला किंवा नद्यांना पूर आला, तर त्याची खबर चंद्राला नसते! टँपा उपसागराची सरासरी खोली ४ मीटरांहूनहि कमी आहे. अशा उथळ पाण्यावर वाऱ्याची सत्ता विशेष चालते.

प्रवाह मोजण्याचीं साधनें पूर्वीं नव्हतीं असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञानें एक चतुर यंत्र केलें. त्याचा पंखा पाण्याच्या वेगानें फिरे, आणि फिरतां फिरतां बारीक गोळ्या होकायंत्राच्या सुईवरून घरंगळून एखाद्या कप्प्यांत पडत. यंत्र वर ओढून फेरे पाहावयाचे, गोळ्या मोजावयाच्या, म्हणजे वेग व दिशा कळे. पण तोंपर्यंत मोजलेलें पाणी केव्हांच पुढें निघून गेलेलें असे.

आजचें यंत्र पंख्याऐवजीं ध्वनीनें काम करतें. आगगाडी शिटी देत जवळ येते तेव्हां स्वर चढा लागतो, दूर जाऊं लागतांच तो उतरतो, हा श्रोत्यांच्या अनुभवांतला प्रकार आहे. ख्रिश्चन डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलेलें तत्त्व तें हेंच. तळाशीं ठेवलेलें किंवा तरंगत्या बोयाला बांधलेलें यंत्र पाण्यांत तीव्र ध्वनि सोडतें. पाण्याबरोबर वाहणारे गाळाचे कण व सूक्ष्म जीव त्याचा क्षीण प्रतिध्वनि परत पाठवितात, आणि त्याच्या बदललेल्या स्वरावरून त्यांचा, म्हणजेच पाण्याचा, वेग निघतो. जवळच्या थराचा प्रतिध्वनि आधीं येतो, दूरच्याचा मागून. म्हणून एकाच यंत्राला निरनिराळ्या खोलींवरचे प्रवाह वेगळे ओळखतां येतात. फरक मात्र फार सूक्ष्म असतो. ध्वनीचीं सेकंदास ३ लाख कंपनें असलीं आणि पाणी सेकंदास अर्धा मीटर या वेगानें सरळ यंत्राकडे येत असलें, तर स्वर चढतो तो केवळ २०० कंपनांनीं.

येथें संगणकाच्या आज्ञावलीचें, ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात त्याचें, खरें काम सुरू होतें. सुटा प्रतिध्वनि बेभरंवशाचा असतो. म्हणून अनेकांची सरासरी घ्यावी लागते. बोया डोलतो व फिरतो, तेव्हां त्याचा कल आणि होकायंत्राची दिशा हिशेबांत धरून उत्तर-पूर्व ठरवावी लागते. यंत्रांतून बहुधा चार ध्वनिशलाका तिरप्या निघतात. वेगाच्या तीन दिशा काढण्यास तीन पुरेशा होत; चौथी ही जणू उलटतपासणीची साक्षीदार! एकीच्या वाटेंत मासळीचा थवा आला, तर चौघींची साक्ष जुळत नाहीं, आणि आज्ञावली तें माप बाजूला टाकते. तळाशीं बसून वर पाहणाऱ्या यंत्राला पृष्ठभागाचा प्रतिध्वनि इतका जोरदार येतो कीं, त्यालगतच्या पाण्याचा आवाज त्यांत बुडून जातो. शलाका २० अंशांनीं तिरप्या असल्यास वरच्या सुमारें ६ टक्के खोलींतलीं मापें वापरीत नाहींत. जहाज ज्या पाण्यावर चालतें त्याचा अगदीं वरचा थर तेवढा निसटावा, ही या विद्येची एक गमतीची अडचण म्हणावी लागेल.

टँपा उपसागरांत अशी व्यवस्था १९९१ सालीं अमेरिकन सरकारच्या सागर व वायुमंडळ खात्यानें उभी केली. त्या देशांतील या प्रकारची ती पहिली. पुढें ती इतर अनेक बंदरांत गेली. पाण्याची उंची, वारा व प्रवाह यांचीं मापें दर ६ मिनिटांनीं घेतलीं जातात, आणि पायलटाला तीं संगणकावर पाहतां येतात किंवा टेलिफोनवर ऐकतां येतात. येणाऱ्या मापांवर रात्रंदिवस देखरेख असते. एखादें माप संशयास्पद वाटलें, तर तें प्रसिद्ध होण्याचें थांबवितात. त्या ठिकाणीं आकडा दिसत नाहीं, आणि पायलट पुन्हा आपलें कोष्टक उघडतो.